शब्दाच्या पोटातला श्वास

आमच्या शाळेत गाण्याचे दोन क्लब होते, वरचा आणि खालचा. खालचा सभागृहात गायचा. सकाळची प्रार्थना, बक्षीस समारंभ, कोणी पाहुणे आले की स्वागत. त्यात कोणालाही घेत. तोंड उघडता आलं की झालं. वरचा क्लब चॅपेलच्या लाकडी माळ्यावर उभा राहून रोज सकाळच्या मिस्साला, म्हणजे ख्रिस्ती उपासनेला, गायचा, आणि त्यात मुली सोळाच. सोळाच का, तर वसतिगृहात खाटा सोळा. साडेपाचला सराव असल्यामुळे वरच्या क्लबातल्या मुलींनी शाळेतच राहायचं, आणि शाळेत फक्त त्यांनीच राहायचं, असा नियम होता. खाटेच्या लोखंडी दांड्यावर नंबर होता आणि माळ्यावर उभं राहण्याच्या फळीवर खडूने तोच नंबर. गळा गेला की फळी गेली, फळी गेली की खाट गेली. त्या वयात आम्हाला यात काही वावगं वाटलं नाही.

माझा नंबर अकरा, टाचणीचा बारा.

टाचणी हे नाव तिला मुलींनी दिलं होतं. अंगाने काडी, आणि आवाज असा बारीक व टोकदार की खाली मागच्या बाकावर पेंगणारे म्हातारबाबा दचकून जागे व्हायचे. मला चित्रगुप्त म्हणत. मी तेव्हाही रोजची डायरी लिहायची, पानांना नंबर घालून, समास आखून. आज एकोणऐंशीव्या वर्षीही लिहिते. कोणी किती वाजता काय म्हटलं हे मी सांगू शकते, म्हणून मुली मला जरा वचकून असत. गाण्याच्या सिस्टरनी मला नववीत क्लबची चिटणीस केलं तेही अक्षरासाठीच. गळा माझा बेताचा होता. खालच्या आवाजात, दुसऱ्या रांगेत, भिंतीला लागून.

टाचणीचे वडील दगडाच्या खाणीवर रखवालदार होते. गाव बसने चार तासांवर, तिथली शाळा सातवीपर्यंत. थोरल्या बहिणीला सातवीनंतर घरी बसवलं होतं आणि ती खाणीवरच्या कामगारांचा स्वयंपाक करायची. टाचणीला त्या चुलीची धास्ती होती. झोपताना चादर डोक्यावर ओढण्याआधी ती म्हणायची, "दहावी झाले ना, की मी कुणाच्या बापाचं ऐकणार नाही."

"तुझ्या बापाचंसुद्धा?"

"त्याचं तर नाहीच."

दहावी झाल्यावर नर्सिंगला जायचं तिचं ठरलेलं होतं. तिने त्यासाठी बॅगेच्या तळाशी एक पांढरा रुमाल इस्त्री करून ठेवला होता. रुमालाचा आणि नर्सिंगचा काय संबंध, असं विचारलं तर म्हणायची, "सुरुवात कुठून तरी करायला नको?"

आता श्वासाच्या वहीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गाण्याच्या सिस्टर अंगाने भारी, घोटे कायम सुजलेले. पायपेटीचा भाता मारताना कण्हायच्या. पण कान असा की खाली चॅपेलमध्ये कोणाची जपमाळ सरकली तरी सांगतील. त्यांचा एक दंडक होता. लांबवलेला सूर तुटता कामा नये. माणूस तर श्वास घेणारच. म्हणून सगळ्यांनी एकदम घ्यायचा नाही. एकेकीने चोरून घ्यायचा. तोही स्वल्पविरामावर नाही, कारण तिथे ऐकणाऱ्याचा कान टपून बसलेला असतो. शब्दाच्या पोटात घ्यायचा. "एकीने श्वास घेतला की दुसरीने तिचा सूर सांभाळायचा," त्या म्हणायच्या. "खालच्या लोकांना वाटलं पाहिजे की वर एकच बाई गातेय आणि तिला बत्तीस फुप्फुसं आहेत."

कोणी कुठल्या मात्रेवर श्वास घ्यायचा याची यादी म्हणजे श्वासाची वही. ती मी लिहायची. प्रत्येक गाण्याला एक पान, उभ्या रकान्यात मुली, आडव्या रकान्यात मात्रा, श्वासाच्या जागी लाल फुली.

दहावीच्या सप्टेंबरात टाचणीला ताप आला. आठ दिवस आजाऱ्यांच्या खोलीत होती. परत आली ती खोकत, आणि तिसऱ्या दिवशी कपडे धुण्याच्या दगडाशी मला म्हणाली, "वरचा गेला."

"वरचा काय?"

"आवाज. खालचा आहे, तोही फाटका." तिने माझ्यासमोर एक सूर लावून दाखवला. नुसती हवा आली, मधे कुठे तरी किंचित आवाजाचा धागा.

"सर्दी आहे. जाईल."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गळ्यात गाठी आहेत. सहा महिने गायचं नाही, ओरडायचं नाही. नाहीतर उरलेलाही जाईल."

"मग सिस्टरना सांग."

"सांगते. आणि बॅग भरू?"

"खालच्या क्लबात घेतील की."

"खालच्या क्लबात खाट नसते, चित्रगुप्ता." तिने फ्रॉक पिळला, झटकला. "सहा महिन्यांनी मार्च. मार्चात परीक्षा. तेवढं निभव. तू वही लिहितेस."

तिने गयावया केली नाही. मी हो म्हटलंही नाही. त्या दिवशी दुपारी मी वहीतली सगळी पानं नव्याने लिहिली. वरच्या आवाजातल्या मुलींचे श्वास असे बसवले की टाचणीवर कधीच काही अवलंबून राहू नये. तिच्या नावापुढे लाल फुल्या होत्याच, पण त्या देखाव्याच्या. खरा हिशेब माझ्या डायरीत, पान एक्केचाळीस आणि बेचाळीस, आणि तिथे टाचणीच्या नावापुढे शून्य.

टाचणी ओठ हलवायला शिकली. ओठ हलवणं सोपं, पण मान, छाती, भुवया हेही गातात, तेही करायला लागतं. आरशासमोर उभी राहून ती ते करायची. "गाण्यापेक्षा न गाणं जड आहे गं," म्हणायची. "मान भरून येते." बोलायचं म्हणून बोलत नव्हती, वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करत नव्हती. मुली म्हणायला लागल्या, टाचणी शिष्ट झाली.

सगळ्यात वाईट हे की सिस्टर खूश होत्या. ऑक्टोबरात एकदा त्यांनी पायपेटी थांबवली आणि म्हणाल्या, "या बाराकडे बघा. आधी टोचायची. आता कशी मिसळून गाते, वेगळी म्हणून ऐकूच येत नाही. असं गायला नम्रता लागते." पंधरा मुलींनी टाचणीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली आणि ती नम्रतेत जमा झाली. तेव्हापासून महिन्यातून दोनदा तरी तिचं उदाहरण दिलं जायचं. आम्ही दोघी त्यावर एकमेकींकडे न पाहता हसायचो. नंतर नंतर हसू येईना.

फेब्रुवारीत शाळेला पन्नास वर्षं पूर्ण झाली. मिस्साला बिशप येणार होते. शेवटचं गीत पेटीशिवाय, आणि त्याच्या शेवटी खालचे आवाज थांबायचे व वरच्या आवाजातल्या चौघींनीच बारा मात्रा सूर धरायचा. त्या चौघी म्हणजे दोन जुळ्या बहिणी, गलेलठ्ठ म्हणून जिला मुली बंब म्हणत ती, आणि टाचणी. जुळ्यांना वेगवेगळा श्वास घ्यायला सिस्टरनी दोन वर्षं शिकवून पाहिलं होतं, जमलं नाही. "जन्मल्याही एकदमच," सिस्टर वैतागून म्हणायच्या. तेव्हा त्या दोघी सातव्या मात्रेवर श्वास घ्यायच्या आणि तेवढ्यात बंब एकटी सूर धरायची. कागदावर बंब आणि टाचणी. खरं तर बंब एकटीच, पण बंबाचा आवाज दोघींना पुरेल असा होता.

त्या दिवशी सकाळी बंबाला गालगुंड झालं. तिचे गाल मुळातच असे की नाश्त्यापर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. मिस्साला वीस मिनिटं होती. सिस्टर वही घेऊन माझ्याकडे आल्या. "शेवटचं पान बदल. लगेच, इथेच. चारजणींचं तिघींत बसव."

त्या माझ्या खांद्यावरून बघत उभ्या होत्या. मी पट्टी घेऊन रकाने आखले. जुळ्या सातवर. टाचणी चारवर आणि दहावर, म्हणजे सातला ती सूर धरेल. फुल्या सुरेख, एका रेषेत आल्या. "शहाणी," सिस्टर म्हणाल्या.

ही चूक कशी झाली हे मी साठ वर्षं स्वतःला विचारते आहे. भीतीने हात कापत होता म्हणावं, तर अक्षर स्वच्छ आहे. मला वाटतं, पाच महिने मी तिला इतकी नीट लपवली होती की ती मलाच सापडेनाशी झाली. वहीत ती गात होती. वहीवर माझा विश्वास होता.

टाचणीने नवं पान पाहिलं ते माळ्यावर, आपल्या फळीवर उभं राहिल्यावर. तिने माझ्याकडे वळून पाहिलं. सिस्टरचा हात वर गेला होता.

शेवटचा सूर सुरू झाला. चारला ती खांदे उचलून श्वास घेतल्यासारखं करताना दिसली. अंगवळणी पडलं होतं. पाच. सहा. सातला जुळ्या थांबल्या, आणि टाचणीने पाच महिन्यांत पहिल्यांदा खरंच गायचा प्रयत्न केला. मी तिच्या पाठीवरची शिवण ताणलेली पाहिली. आवाज आला नाही. माळ्यावर, चॅपेलमध्ये, बाकांवर, सगळीकडे एक भोक पडलं. मग जुळ्या परत आल्या आणि बारापर्यंत गेलं. बिशपांना काही कळलं नसावं. कोणालाच कळलं नसावं. सिस्टरना कळलं.

पाहुण्यांचा चहा झाल्यावर आम्हा दोघींना पेटीच्या खोलीत बोलावलं. वही उघडी होती.

"सातला कोण होतं?"

"मी," टाचणी म्हणाली. ते 'मी' ऐकल्यावर गळ्याचं काय झालंय हे विचारायची गरज उरली नव्हती.

"केव्हापासून?"

"सप्टेंबर."

सिस्टर रागावतील असं वाटलं होतं; त्यांच्या चेहऱ्यावर त्याहून वाईट काही तरी होतं. "पाच महिने मी तुझं उदाहरण देत होते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "वही तू लिहितेस. तुला माहीत होतं?"

माझं तोंड उघडायच्या आत टाचणी म्हणाली, "तिला कसं कळणार, सिस्टर? ती कागदाकडे बघते, तोंडाकडे नाही."

"खरं का?"

"हो," मी म्हटलं.

परीक्षेला पाच आठवडे होते. टाचणी तिथेच गुडघ्यांवर बसली. एवढ्या दिवसांत तिने कोणाकडे काही मागितलं नव्हतं, ते सगळं एकदम मागितलं. "खाट नको, सिस्टर. मी कपड्यांच्या खोलीत झोपेन. सगळ्यांच्या चादरी धुईन. जेवणही नको, माझं मी बघेन. पाच आठवडे. परीक्षेच्या शेवटच्या पेपरनंतर तुम्ही सांगायच्या आत जाईन."

"नियम खाटेचा नाही, बाळ. छपराचा आहे. आणि तो माझा नाही."

"मग एकदा ऐका. आज विश्रांती मिळाली की येईल. संध्याकाळी ऐका."

सिस्टरनी ऐकलं. वर्ग सुटल्यावर, पाचला. दिवसभर टाचणीने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, गळ्याभोवती माझा लोकरी मोजा बांधला, एक शब्द बोलली नाही. मला वही घेऊन उभं केलं होतं. सिस्टरनी नेहमीचा सूर दिला, हवा आली. त्यांनी स्वतःहून एक पट्टी खाली दिली. मग आणखी एक. चार वेळा खाली आल्या, शेवटी पुरुष गातात तिथे. टाचणीच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या झाल्या आणि नळाला पाणी यायच्या आधी जो आवाज होतो तसा आवाज आला. तिने पुन्हा लावला. पुन्हा लावला. सिस्टरनी पेटीचं झाकण मिटलं.

"बाळ, पुरे."

मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "वहीत लिही. बारा, रिकामी."

मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने ती गेली. मोठ्या सिस्टरनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, दाखला दिला, त्यावर शाळा सोडण्याचं कारण 'फसवणूक' असं होतं. बॅग मी फाटकापर्यंत धरली. "आपल्या दोघींपैकी एकीची तरी दहावी होऊ दे," ती म्हणाली. तिने हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. बारा नंबरच्या खाटेवर संध्याकाळी खालच्या क्लबातली एक मुलगी आली, उशी घेऊन.

त्या दिवशी मी डायरीतलं एक्केचाळीस-बेचाळीसचं पान फाडलं आणि आंघोळीच्या बंबात घातलं. आणि तारीख घालून एकच ओळ लिहिली: 'आज टाचणी घरी गेली. तिचा आवाज गेला होता म्हणे.'

म्हणे. जणू मला कोणी सांगितलं.

त्यानंतर ती मला दिसली ती वीस वर्षांनी. मी त्याच शाळेत भूगोल शिकवत होते. रविवारी दुपारी दार वाजलं, आमच्या ह्यांनी उघडलं. ते आत येऊन माझ्या कानाशी कुजबुजले, "कोणी तरी बाई आल्यात."

"कुजबुजता कशाला?"

"त्या कुजबुजल्या म्हणून."

तिच्याशी बोलताना सगळेच असे कुजबुजू लागत. आवाज परत आलाच नव्हता. बाकीचं तिने चहाचा कप हातात धरून सांगितलं, दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी तसं. दाखल्यावरचा तो शब्द वाचून कुठल्याही शाळेने घेतलं नाही. थोरल्या बहिणीचं लग्न झालं, चूल हिच्याकडे आली. नवरा खाणीतच सुरुंगाच्या कामावर. छातीत धूळ जाऊन गेला. दोन मुली घेऊन ती आमच्या गावात आली, सरकारी दवाखान्यात आया म्हणून लागली. रोजंदारीवर, नऊ वर्षं.

"बाळंतिणींच्या वॉर्डात आहे. माझ्या आवाजाने कुणाचं पोर उठत नाही, म्हणून मागून घेतात मला," ती म्हणाली. "नम्रता लागते त्याला."

आम्ही दोघी हसलो. मग तिने पिशवीतून दाखला काढला. घडीवर घडी पडून चार तुकडे झाले होते, मागून पट्टी चिकटवलेली. दवाखाना आयांना नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवणार होता, दहावी झालेली असली आणि वय सदतीसच्या आत असलं तर. ती छत्तीसची होती. बाहेरून दहावीला बसायचं तिने ठरवलं होतं. अभ्यासही केला होता, मुलींच्या पुस्तकांवर. फॉर्म घेणारा कारकून म्हणाला, हा शेरा शाळेकडून बदलून आणा. शेवटची तारीख शुक्रवार.

"आजारी होते, फसवत नव्हते, एवढं शाळेने लिहायचं. तू सांग त्यांना. तू तर तेव्हा सगळं लिहून ठेवायचीस. ते पान दाखव."

मी कपाट उघडलं. त्या वर्षाची वही तिच्या हातात देण्याशिवाय मला दुसरं काही सुचलं नाही. तिने चाळीसनंतर त्रेचाळीस आलेलं पाहिलं. शिवणीत राहिलेल्या कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग ती एक ओळ वाचली. ओठ हलवत वाचली, जुन्या सवयीने.

"म्हणे," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहू शकले नाही.

"बरं," ती वही मिटत म्हणाली. "तोंडाने तर सांगशील?"

सोमवारी मी तोंडाने सांगितलं. तेव्हाच्या मोठ्या सिस्टर माझ्याहून वयाने लहान, भल्या बाई. टाचणीशी बोलता बोलता त्याही कुजबुजू लागल्या होत्या. मी सगळं सांगितलं. गाठी, शून्य, फाडलेलं पान, माझं 'हो'. माझी नोकरी जाईल तर जाऊ दे असं ठरवून गेले होते. वीस वर्षं उशिरा आलेलं ते धैर्य होतं, पण होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि कपाटातून श्वासाची वही मागवली. मला वाटलं होतं ती कधीच रद्दीत गेली असेल. पन्नासाव्या वर्षाची म्हणून जपून ठेवली होती, वेष्टण घालून.

त्यांनी शेवटचं पान उघडलं.

"अक्षर तुमचंच?"

"हो."

"सातव्या मात्रेला एकट्या यांनी सूर धरायचा, असं तुम्ही लिहिलंय."

"ती माझी चूक होती."

"बाई, मला तुमचं पटतंय," त्या म्हणाल्या. "पण संस्थेला मी काय दाखवू? यांना गाता येत नाही हे तुम्हाला माहीत असतं, तर तुम्ही असं लिहिलं असतं का? कोणीही हेच विचारेल."

सगळ्या वहीत एवढीच एक चूक, आणि मी निर्दोष असल्याचा तोच पुरावा. लाल फुल्या एका रेषेत होत्या. वीस वर्षांत रंगही उडाला नव्हता.

"दुसरा काही कागद असेल तर आणा, मी लगेच बदलते," त्या म्हणाल्या.

टाचणीने दाखल्याच्या घड्या घातल्या, त्याच जुन्या घड्यांवर. "कागद नाही, सिस्टर," ती म्हणाली.

आम्ही चॅपेलच्या बाजूने फाटकाकडे निघालो. माळ्यावर सराव चालू होता. नव्या मुली होत्या, नवे मास्तर होते. श्वासाची वही कोणी लिहीत नव्हतं. टाचणी जिन्याखाली थांबली. वर एक लांब सूर लागला आणि मधेच, स्वल्पविरामावर, तुटला.

"सगळ्या एकदम श्वास घेतात गं," ती म्हणाली.

मला वाटलं ती आणखी काही बोलेल. तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "चल. दोनची ड्युटी आहे माझी."